शिवराईचे पाठभेद

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडील कितीतरी घरांत देवापुढे एक ताट मांडले जाते. त्यात चालू काळातील रुपये असतात, आजीच्या पेटीतून निघालेला राणीछापाचा एखादा रुपया असतो, पोर्तुगेज अमदानीतील तांगे व रुपिये असतात. आणि घराणे जुने असेल तर त्या सर्वांच्या तळाशी तांब्याच्या चारदोन जाड, ओबडधोबड चकत्याही असतात. त्यांना घरात कोणी 'ढब्बू' म्हणतात, कोणी 'शिवराई' म्हणतात. पूजेच्या आदल्या दिवशी ही नाणी चिंचेने आणि राखेने लख्ख घासली जातात. पूजा झाली की आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी त्यातील एक उचलून दिव्याकडे धरतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "हे दुर्मिळ असेल काय हो?"

या प्रश्नाला हल्ली उत्तरे फार स्वस्त झाली आहेत. अक्षर जरा वाकडे दिसले, ऱ्हस्वाऐवजी दीर्घ वेलांटी आढळली, एक टिंब कमी भरले, की नाणे 'दुर्मिळ प्रकारचे' ठरते आणि त्याला किंमत चिकटते. विकणारा आनंदात, घेणारा आनंदात. या आनंदावर विरजण घालण्याची आम्हांस हौस नाही. तथापि नाण्याचा प्रकार ओळखणे ही एक विद्या आहे, तिला काही शिस्त आहे, आणि त्या शिस्तीवाचून केलेल्या निवाड्याने पैशाहून मोठ्या गोष्टीची हानी होते, असे आमचे मत असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम शिवराईच्या घडणीचा विचार करू. तिच्या एका बाजूस तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' अशी अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र / पति'. भोवती बिंदूंचे कडे. राजाचे चित्र नाही, टांकसाळीचे नाव नाही, सर्वसाधारण शिवराईवर वर्षही नाही. दोन्ही बाजू मिळून उणीपुरी नऊ अक्षरे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास हे नाणे अस्तित्वात आले. तेव्हा भोवतालच्या मोठ्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांत निघत होती. ज्या राजाने राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय शोधले, त्याच राजाने बाजारातल्या तांब्याच्या पैशावर नागरी अक्षरे आणली. कलाकृती म्हणून पाहू जाता या नाण्यात नक्षीचा डौल नाही. तत्कालीन मोगल रुपयाच्या रेखीव लपेटीपुढे ते खेडवळ वाटते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या कनवटीला ते बसणार होते, त्याच्या मुलुखाची ती लिपी होती. अलंकार सोडून एवढेच सांगणे, हीच त्याची रचना. ती साधी आहे, पण दुबळी नाही.

आता अडचण येथूनच सुरू होते. वर्ष नाही आणि टांकसाळीचे नाव नाही, म्हणजे हे नाणे केव्हा व कोठे पडले हे नाणे स्वतः सांगत नाही. शिवराई महाराजांच्या हयातीपुरती निघाली असे नाही. महाराज १६८० साली निवर्तले. परंतु त्यांच्या नावाचा पैसा पुढे शाहूकाळात निघत राहिला, पेशवाईत निघत राहिला. सरकार सनदा देई आणि खाजगी सराफ-सावकार ठिकठिकाणी टांकसाळी चालवीत. दोन आडव्या रेघांनी 'छत्र' आणि 'पति' हे भाग वेगळे केलेली जी 'दुदांडी' शिवराई आपणांस वारंवार भेटते, ती तर पेशवाईच्या अखेरची आणि कंपनी सरकारच्या आरंभीची मानली जाते. म्हणजे ताटातली शिवराई महाराजांच्या हयातीतलीच असेल असे मानून चालता येत नाही. बहुतेक वेळा ती तशी नसते. हे ऐकून कित्येकांचा हिरमोड होतो. आम्हांस मात्र यात हिरमोड होण्यासारखे काही दिसत नाही. राजा गेल्यावर शंभराहून अधिक वर्षे, राज्यकर्ते बदलत असताना, लोकांनी ज्याच्या नावावाचून पैसा खरा मानला नाही, त्याचा सन्मान एखाद्या अस्सल समकालीन नाण्याने जेवढा सिद्ध होईल, त्याहून या सामान्य नाण्यांच्या राशीने अधिक सिद्ध होतो.

इतक्या ठिकाणी आणि इतका काळ निघालेल्या नाण्याचे प्रकार वेगवेगळे करावयाचे कसे? आमच्या मते त्याची रीत आपल्या वाचकांस अगदी परिचित आहे, फक्त ती त्यांनी नाण्यांस लावून पाहिलेली नाही. पोथ्यांचा व्यवहार ज्यांच्या घरी आहे त्यांना पाठभेद म्हणजे काय हे सांगावयास नको. एकाच ग्रंथाच्या दहा प्रती जमवल्या तर दहा ठिकाणी त्या वेगळ्या निघतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले; ते १९६६ मध्ये पुरे झाले. जवळजवळ अर्धे शतक त्या पंडितांनी काय केले? प्रती जमवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, आणि प्रत्येक भेदापुढे एक प्रश्न विचारला: हा खरा पाठ, की लेखकाच्या हातची चूक, की वाळवीने खाल्लेले पान? शिवराई ही नऊ अक्षरांची पोथी आहे. तिच्या प्रती आजही घरोघरी आहेत. तिच्या प्रत्येक भेदापुढे हाच प्रश्न विचारला पाहिजे.

त्यासाठी नाणे कसे पडत असे हे ध्यानी घ्यावे लागते. लोखंडी ठशावर अक्षरे उलटी खोदलेली असत. खालचा ठसा ऐरणीत बसवीत, त्यावर तांब्याची चकती ठेवीत, वर दुसरा ठसा धरीत आणि घणाचा घाव घालीत. या कृतीतून तीन प्रकारचे भेद निर्माण होतात.

पहिला भेद ठशाचा. खोदणाऱ्याने 'शिव' असे खोदले की 'शीव', 'सिव' की 'सीव', 'पति' की 'पती', ओळींमध्ये रेघ घातली की नाही, मोकळ्या जागी त्रिशूळ, चंद्रसूर्य अथवा बेलाचे पान अशी खूण कोरली की नाही, हे सर्व ठशाचे भेद होत. त्या ठशाखालून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ते येणारच. दुसरा भेद घावाचा. चकती सरकली, एका बाजूचे बिंदू सुटले, 'राजा'चा काना काठाबाहेर गेला, किंवा घाव दोनदा बसून अक्षर दुहेरी उमटले, तर ते त्या एका नाण्याचे दैव. दुसऱ्या नाण्यावर ते असणार नाही. तिसरा भेद वापराचा: दोनअडीचशे वर्षे हातोहात झिजणे, जमिनीत गंजणे, सोनाराच्या छिन्नीचा घाव, माळेत ओवण्यासाठी पाडलेले भोक.

यांपैकी केवळ पहिल्यालाच 'प्रकार' म्हणता येते. दुसरा अपघात होय आणि तिसरा केवळ आयुष्य. बाजारात जी नाणी विशेष प्रकारची म्हणून दाखवली जातात, त्यांत या तिघांची सरमिसळ झालेली आम्ही नेहमी पाहतो. वेलांटी झिजून गेलेली असते आणि 'शव' असा चमत्कारिक पाठ जाहीर होतो! काठाबाहेर गेलेला काना 'राजा'चा 'राज' करून टाकतो. यावर उपाय एकच. एक नाणे पाहून मत देऊ नये. तीच वेलांटी, तीच वळणे, तोच बिंदूंचा क्रम असलेले दुसरे नाणे मिळाले, आणि त्यावरही तो विशेष आढळला, तर तो ठशाचा मानावा. तोपर्यंत मौन बाळगावे.

येथे एक पाऊल पुढे जाऊन आम्ही असे म्हणू की, ठशाचा प्रत्येक भेदही महत्त्वाचा नसतो. ज्या काळात छापखाना नव्हता, शुद्धलेखनाचे नियम ठरले नव्हते आणि कारकून व कारागीर ऱ्हस्वदीर्घ मनास येईल तसे लिहीत, त्या काळात 'शिव' आणि 'सीव' हा भेद म्हणजे अपवाद नव्हे. तीच रीत होय. ठसे झिजत, फुटत, नवे खोदावे लागत. प्रत्येक नवा ठसा थोडा वेगळाच असणार. त्या हिशेबाने दर ठसा हा एक 'प्रकार' मानला तर प्रकारांस अंत राहणार नाही, आणि जेथे सर्वच असाधारण तेथे काहीच असाधारण नाही. दखल घ्यावी ती अशा भेदाची, की ज्यामागे कोणाचा तरी हेतू दिसतो. 'शिव' या नावाच्या जागी 'शंभु' किंवा 'शाहु' हे नाव आले, तर तो नुसता अक्षरांचा भेद नाही. तेथे राजाच बदलला आहे. ठरलेल्या जागी ठरलेली खूण पुन्हा पुन्हा आली, तर ती बहुधा टांकसाळीची किंवा ठेकेदाराची ओळख होय. पुण्याच्या रुपयावरील अंकुश, माहेश्वरच्या होळकरी रुपयावरील शिवलिंग आणि बिल्वपत्र, बडोद्याच्या जुन्या नाण्यांवरील गायकवाडांची नागरी आद्याक्षरे आणि तलवार, या खुणा अशाच वाचल्या गेल्या. इंदूर-बडोद्याकडील आमच्या वाचकांच्या घरी ही नाणी असतील. त्यांनी बादशहाचे नाव वाचण्याआधी कोपऱ्यातली ही खूण शोधावी. बादशहाचे नाव शिष्टाचाराचे आहे, सत्ता खुणेत आहे.

यंत्राने पाडलेल्या नाण्यांचा न्याय याहून वेगळा. तेथे लाखो नाणी एकसारखी निघावीत हाच उद्देश असल्यामुळे अगदी लहान भेदालाही अर्थ येतो. राणीच्या १८६२ च्या रुपयाचेच पाहा. त्यावरील वर्ष पुढे अकरा वर्षे बदललेच नाही. १८७४ पासून दरवर्षीचे वर्ष घालण्याचा प्रघात पडला. मधल्या काळातील रुपयांवर बारीक टिंबे कमीअधिक आढळतात, आणि ती नाण्याचे खरे वर्ष सुचवितात असे अभ्यासकांनी मानले आहे. म्हणजे शिवराईच्या कड्यातले एखादे टिंब कमी असणे म्हणजे कारागिराचा कंटाळा असू शकेल, परंतु राणीच्या रुपयावरील एक टिंब म्हणजे अख्खे वर्ष असू शकते. टिंब तेच, पण निवाडा वेगळा! गोव्यातील घरांत १८८१ व १८८२ चे जे पोर्तुगेज रुपिये सापडतात, तेही याच वर्गातले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगेज करारानंतर ते कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. त्यांना हाताने पाडलेल्या नाण्याचे नियम लावू नयेत.

१९११ च्या रुपयाची कथा या बाबतीत बोधप्रद आहे. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर मानचिन्हांची जी साखळी आहे, तीत एक लहानसा हत्ती कोरलेला होता. सोंड आखूड उमटल्याने लोकांस तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजात मोठा क्षोभ झाला. सुमारे ९४ लक्ष रुपये पाडले गेले होते, पैकी जवळजवळ ७ लक्षच बाहेर पडले होते. राहिलेले वितळवण्यात आले. १९१२ पासूनच्या रुपयावर हत्तीची सोंड नि कान स्पष्ट केलेले दिसतात. येथे भेद लहान आहे, पण तो हेतुपुरस्सर केलेला आहे, त्याचे कारण माहीत आहे आणि त्याची संख्याही माहीत आहे. खऱ्या अर्थाने 'रचनेचा प्रकार' म्हणतात तो हा. आणि सामान्य माणूस नाण्याकडे केवळ किंमत म्हणून पाहत नाही, त्यावरील चित्र तो वाचतो, याचाही हा पुरावा होय.

लोक चित्र वाचतात, म्हणूनच त्यांना फसवणेही सोपे जाते. एका बाजूस राम-सीता किंवा मारुती आणि दुसऱ्या बाजूस 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' व 'हाफ आना' किंवा 'वन आना' अशी इंग्रजी अक्षरे असलेली नाणी आपल्या समाजात भक्तिभावाने जपली जातात. त्यांत दैवी शक्ती आहे, ती तांदूळ ओढून घेतात, अशा थापा मारून लक्षावधी रुपये उकळणारे लोक आहेत. काही सज्जन याचे खंडन करताना म्हणतात की, कंपनीने नाण्यावर हिंदू देवता कधी घातलीच नाही. हे खंडनही चुकीचे आहे. मद्रासच्या टांकसाळीत कंपनीने पाडलेल्या होनांवर विष्णूची आकृती आहे, गोपुरही आहे. खरे कारण निराळे. कंपनीच्या साऱ्या मुलखाला एकरूप चलन देणारा कायदा १८३५ चा. आणि एक आण्याचे स्वतंत्र नाणे तर सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकात, प्रथम चलनात आले. तेव्हा १८१८ चा 'एक आणा' ही वस्तूच संभवत नाही. याउलट 'रामटंका' म्हणून ओळखली जाणारी जुनी मुद्रा आहे. तिच्यावर रामपंचायतन असते. ती बाजारात चालण्यासाठी नव्हतीच. प्रसाद म्हणून, भेट म्हणून देवालयांतून मिळत असे. तिला नाणे म्हणू नये, पण खोटीही म्हणू नये. खोटा आहे तो तिच्या पाठीवर कंपनीचा शिक्का मारणारा. भक्तीचे मोल पैशात करू पाहणाऱ्याने प्रथम देवाचीच खोटी साक्ष काढली, हे आपल्या लक्षात येत नाही याचे आम्हांस दुःख वाटते.

परंतु याहूनही मोठे नुकसान आपण आपल्या हातांनी करीत आहोत. फार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या पेटीतील एक शिवराई आम्हीच चिंचेने घासली होती. अक्षरे स्वच्छ दिसावीत एवढाच हेतू. तांबे लखलखले, आणि 'शिव'च्या डोक्यावर अंधूक दिसणारी एक खूण त्या लखलखाटात कायमची हरपली. ती चंद्रकोर होती की नुसता ठशाचा ओरखडा, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. दुसरा प्रसंग याहून क्लेशकारक. एका देवस्थानात जीर्णोद्धाराच्या वेळी भांडारातून जुन्या तांब्याच्या नाण्यांचा डबा निघाला होता. आम्ही ऐकून पाहावयास गेलो, तोवर ती नाणी मोडीच्या भावाने वजनावर देऊन टाकण्यात आली होती. त्या पैशातून समया घेतल्या, असे मोठ्या समाधानाने आम्हांस सांगण्यात आले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. किंबहुना देवाचे तांबे देवाच्याच कामी आले. पण कित्येक पिढ्यांनी कोणकोणत्या गावांहून येऊन देवापुढे काय ठेवले, त्याची एक न लिहिलेली वही त्या डब्यात होती. ती कोणी वाचली नाही. एकेका नाण्याला बाजारात किंमत कदाचित दमडीचीही नसेल. परंतु शंभर नाणी एका जागी, एका डब्यात सापडणे हीच ती दुर्मिळ गोष्ट होती. पाठभेद ठरवायला ज्या प्रती लागतात त्या अशाच ठिकाणी असतात.

म्हणून देवस्थानांच्या महाजनांस व घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. नाणी घासू नका. माती असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा, आणि हिरवट थर राहू द्या. ज्या डब्यात सापडली त्यातच एकत्र ठेवा आणि ती कोठे मिळाली हे कागदावर लिहून आत घाला. प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये टिपून ठेवा. पातळ कागद नाण्यावर ठेवून वर शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवली की दोन्ही बाजूंचा ठसा उमटतो. आणि हल्ली छायाचित्र घेण्याचे साधन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रकाश समोरून न घेता तिरका घ्यावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीने वर येतात. एवढे केल्यावर मग ती विकायची की ठेवायची हे ज्याचे त्याने ठरवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाला. जाणकार माणसे आहेत. त्यांना हवी आहेत ती न घासलेली, न विखुरलेली, नोंद केलेली नाणी.

दुर्मिळ काय आहे, हा प्रश्न विचारणारा पाहुणा पुढच्या दिवाळीत पुन्हा येईल. त्याने नाणे उचलले तर त्याला नाही म्हणू नये. मात्र त्याच्या हाती एक नाणे न देता घरातली सगळी शिवराई द्यावी आणि सांगावे की ही शेजारी शेजारी लावून पाहा. पहिल्या घटकेत त्याला सगळी सारखी दिसतील. दुसऱ्या घटकेत सगळी वेगळी दिसतील. तिसऱ्या घटकेत, संयम असेल तर, कोणता भेद खोदणाऱ्याचा, कोणता घणाचा आणि कोणता आपल्याच आजोबापणजोबांच्या बोटांचा, हे थोडे थोडे उमगू लागेल. लक्ष्मीपूजन आपण अवश्य करावे; परंतु त्या ताटात लक्ष्मीबरोबर सरस्वतीही बसलेली आहे, एवढे ध्यानात ठेवून चिंचेचा गोळा तेवढा स्वयंपाकघरातच राहू द्यावा.